ओल आणि मोल
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या कवितेत ओल सापडली की मित्र दाद देतात. हीच ओल सोयाबीनमध्ये सापडली की पैसे कापले जातात. १९९८ ते २०१९ अशी एकवीस वर्षं मी या दोन ओलींच्या मधे काढली. दिवसा तेलगिरणीच्या फाटकाशी बसून शेतकऱ्यांच्या मालातलं पाणी मोजायचं आणि रात्री कविता लिहायच्या. आज बोलणार आहे ते दिवसाच्या कामाबद्दल.

निमित्त झालं भाच्याचं. त्याने आणि गावातल्या काही जणांनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढली आहे. सोयाबीन आणि तूर गोळा करायची, साफ करायची, एकत्र विकायची. एका दुपारी त्याचा फोन आला. "मामू, मॉश्चर मीटर घ्यायचंय. एक दुकानदार म्हणतो हातातलं छोटं घ्या, दुसरा म्हणतो हॅलोजनचं मोठं घ्या, लाखाच्या घरात जातं. कोणतं घेऊ?" मी म्हटलं, "आधी हे सांग, त्या आकड्यावर कुणाचे पैसे ठरणार आहेत?" तो म्हणाला, "मामू, कवितेचं सोडा, मशीनचं सांगा."

पण मी मशीनचंच सांगत होतो.

कोणत्याही मालात थोडं पाणी असतंच. कडकडीत वाळलेल्या गव्हाच्या दाण्यातही असतं. प्रश्न किती, एवढाच. हे पाणी तीन ठिकाणी नडतं. पहिलं वजनात, कारण धान्याच्या भावाने पाणी विकत घ्यायला कुणी तयार नसतं. दुसरं टिकण्यात, कारण जास्त ओल म्हणजे बुरशी. तिसरं प्रक्रियेत. आमच्या गिरणीत सोयाबीन भरडून, लाटून त्याचे पातळ पापुद्रे करायचे आणि हेक्झेन नावाच्या द्रावणाने त्यातलं तेल काढायचे. दाणा जास्त ओला असला तर पापुद्र्यांचा लगदा होतो, द्रावण खाली झिरपतच नाही. फार कोरडा असला तर भुगा होतो, आणि तोही वाट अडवतो. दहा टक्क्यांच्या आसपास ओल असली की यंत्रं सुरळीत चालायची आणि साहेबांचा चेहराही.

वजनाचा हिशोब मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण इथे शेतकरी आणि व्यापारी दोघेही चुकतात. शंभर किलो सोयाबीनमध्ये १५ टक्के ओल आहे, म्हणजे १५ किलो पाणी आणि ८५ किलो कोरडा माल. हाच माल वाळवून १२ टक्क्यांवर आणला तर किती भरेल? लोक पटकन म्हणतात, तीन टक्के गेले, म्हणजे ९७ किलो. तसं होत नाही. कोरडा माल ८५ किलोच राहतो, पण आता तो एकूण वजनाच्या ८८ टक्के असायला हवा. ८५ ला ०.८८ ने भागा. उत्तर येतं साधारण ९६ किलो ६०० ग्रॅम. घट ३ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे एका टक्क्याला एक किलोपेक्षा थोडी जास्त कपात झाली तर त्यात लबाडी नाही, गणित आहे. लबाडी सुरू होते ती बारापासून मोजायचं की दहापासून, हे आधी न सांगण्यात. आणि त्याहून जास्त, आकडाच चुकीचा वाचण्यात.

सरकारी हमीभाव खरेदीत सोयाबीनसाठी १२ टक्क्यांची मर्यादा असते. २०२४ च्या हंगामात पाऊस लांबला, माल ओला येऊ लागला, खरेदी केंद्रांवरून ट्रॉल्या परत जाऊ लागल्या, तेव्हा नोव्हेंबरात केंद्राने त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली. त्या वर्षी हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. वरचा ३ किलो ४०० ग्रॅमचा हिशोब या भावाला लावून पाहा. क्विंटलमागे १६५ रुपयांच्या वर जातो. कापसाचंही तसंच. कापूस महामंडळ ८ टक्के ओल पायाभूत धरतं आणि १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेतं. त्यावर नाही. म्हणजे एका छोट्या डब्यावर उमटणारा आकडा माणसाला रांगेत ठेवतो किंवा घरी पाठवतो.

भाच्याने मधेच विचारलं, "मामू, गव्हाला साधारण बारा-चौदा चालतं, मग शेंगदाण्याला आठच्या आत का लागतं?" प्रश्न फार चांगला होता. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे आपण रोज फोडणीत पाहतो. दाण्यातलं पाणीही तेलात राहत नाही, ते उरलेल्या भागातच मुरतं. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल. मग तेवढंच पाणी उरलेल्या निम्म्या भागात दाटीवाटीने राहतं, आणि बुरशीला ते सहज मिळतं. शेंगदाण्यावरची ती पिवळसर-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, आणि ते भाजल्यानेही पुरतं जात नाही. म्हणून एका मालाचा आकडा दुसऱ्याला लावायचा नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण माझी चूक इथेच झाली होती.

ती सांगण्याआधी मोजायचं कसं ते सांगतो. मी बी.ए. मराठी. प्रयोगशाळेत माझं काय काम? मला घेतलं होतं वजनाच्या पावत्या लिहायला. पण सुगीत केमिस्ट एकटा पडायचा. अक्षर बरं आहे आणि हात थरथरत नाही, एवढ्या भांडवलावर त्याने मला शिकवलं.

सगळ्यांत जुनी आणि आजही सगळ्यांत भरवशाची रीत म्हणजे भट्टी, आम्ही ओव्हन म्हणायचो. सोयाबीन जाडसर दळायचं, तेही चटकन, कारण दळताना दाणा तापतो आणि ओल तिथेच उडते. ॲल्युमिनियमच्या झाकणाच्या डबीत दहा ग्रॅम घ्यायचं. १०५ अंशांच्या आसपास तापलेल्या ओव्हनमध्ये झाकण काढून ठेवायचं. काही तासांनी काढून लगेच झाकण लावायचं आणि निळ्या खड्यांच्या काचेच्या बंद भांड्यात गार करायचं, कारण गरम वस्तूचं वजन तराजू खरं सांगत नाही आणि उघड्यावर गार केली तर ती हवेतली ओल परत पिते. मग वजन. पुन्हा ओव्हन, पुन्हा वजन. घटायचं थांबलं की संपलं. दहाचे साडेआठ ग्रॅम झाले, म्हणजे ओल १५ टक्के. यात जादू काही नाही. अम्मी पापड उन्हात टाकायची आणि हातात घेऊन हलके झाले का बघायची. तेच हे, फक्त तराजू जास्त बारीक.

अडचण एकच, वेळ. फाटकाबाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना कुणी सहा तास थांबत नाही.

म्हणून दुसरी रीत निघाली. तराजू आणि भट्टी एकाच डब्यात. यालाच मॉइश्चर ॲनालायझर म्हणतात, भाच्याचा दुसरा दुकानदार सांगत होता ते हॅलोजनचं यंत्र. खाली बारीक तराजू, वर हॅलोजनचा दिवा. माल पातळ पसरायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं. दिवा माल तापवतो, तराजू घट मोजत राहतो आणि घट जवळजवळ थांबली की यंत्र स्वतःच थांबतं. पाच ते पंधरा मिनिटांत उत्तर. बिस्किटं, मसाले, दूध पावडर, औषधाच्या गोळ्यांची पूड, असे कारखाने हे वापरतात. छान यंत्र आहे, पण ते घेताना दुकानदार दिव्याचं कौतुक जास्त करतो आणि तराजूबद्दल कमी बोलतो. बघायचा असतो तो तराजू. एक मिलीग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूवर तुम्ही एकच ग्रॅम माल ठेवला तर एका मिलीग्रॅमचा फरक म्हणजे ०.१ टक्का. पाच ग्रॅम ठेवला तर तोच फरक ०.०२ टक्के. माल फार कमी घेतला तर आकडा नाचतो, फार जास्त घेतला तर वरचा थर करपतो आणि खालचा ओला राहतो.

करपण्यावरून आठवलं. हे यंत्र पाणी मोजत नाही, वजनातली घट मोजतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गूळ किंवा दूध पावडर जास्त तापली की साखर जळू लागते, वजन घटतं आणि यंत्र म्हणतं पाणी गेलं. लवंग, ओवा, हळद यांत उडून जाणारी तेलं असतात, तीही घटीत धरली जातात. म्हणून मसाल्यांची पक्की तपासणी करायची तर टोल्युइन नावाच्या द्रवात उकळून पाणी वेगळं काढतात आणि नळीत किती जमलं ते डोळ्यांनी वाचतात. मधाची ओल तर उष्णतेने मोजतच नाहीत. प्रकाशाचा किरण मधातून किती वाकतो त्यावरून ठरवतात. आणि फक्त पाणीच मोजायचं, तेही अगदी थोडं, तर कार्ल फिशर या जर्मन रसायनतज्ज्ञाची १९३५ सालची रीत आहे. तिच्यातलं रसायन पाण्याशीच क्रिया करतं. औषधांच्या कारखान्यात तिच्यावाचून चालत नाही. धान्याच्या फाटकावर तिची गरज नाही.

फाटकावर असतं ते मीटर. मूठभर दाणे ओता, पाच सेकंदांत आकडा. यात काही तापत नाही, काही वाळत नाही. बहुतेक मीटरमध्ये दाण्यांच्या दोन्ही बाजूंना धातूचे पत्रे असतात आणि त्यांच्यात बारीकशी वीज खेळवली जाते. वीज धरून ठेवण्याचा पाण्याचा गुण हवेच्या जवळजवळ ऐंशी पट, कोरड्या दाण्याचा मात्र अगदी थोडा. त्यामुळे दाण्यांत पाणी वाढलं की पत्र्यांमधली वीज धरण्याची ताकद वाढते. मीटर ती ताकद मोजतं आणि आत भरलेल्या तक्त्यावरून अंदाज करतं, की म्हणजे पाणी इतकं असणार.

अंदाज. हा शब्द मीटरवर कुठेच छापलेला नसतो. छापलेला असतो तो दशांश चिन्हानंतरच्या आकड्यासकट १५.८, आणि तो पाहून माणूस गप्प होतो.

आता २००५ सालचा ऑक्टोबर. रास झाली की थेट फाटकावर, असे दिवस. एक मावशी अकरा कट्टे घेऊन आल्या होत्या. मी परखी खुपसून नमुना काढला, मीटरमध्ये ओतला. १५.८. मावशींनी दोन दाणे तोंडात टाकले, दाताखाली फोडले आणि म्हणाल्या, "भाई, ऐकलं का? कट्कन वाजतंय. ओला दाणा असा वाजतो व्हय? तुमचं मशीनच ओलं असंल." रांगेतले हसले. मीही हसलो. १२ च्या वर प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे एक किलो, या गिरणीच्या नियमाने कपात लिहिली आणि पावती दिली.

दाताने तेरा आणि चौदा यांतला फरक कळत नाही, हे मी आजही म्हणेन. पण तेरा आणि सोळा यांतला कळतो. रात्री त्यांचं ते कट्कन डोक्यातून जाईना. सकाळी लवकर जाऊन त्यांचा राखून ठेवलेला नमुना दळला आणि ओव्हनमध्ये घातला. संध्याकाळी आकडा आला १३.४. मी मीटर उचलून पाहिलं. प्रत्येक धान्यासाठी त्यात वेगळा तक्ता असतो आणि तो बटणाने निवडावा लागतो. मावशी येण्याच्या आदल्या संध्याकाळी कुणाचा तरी हरभरा तपासला होता. बटण हरभऱ्यावरच होतं. मी दोन दिवस सोयाबीन हरभऱ्याच्या तक्त्यावर मोजत होतो.

हिशोब केला. अकरा कट्टे, साठ किलोचा कट्टा, म्हणजे ६ क्विंटल ६० किलो. २.४ टक्क्यांचा फरक. जवळपास सोळा किलो सोयाबीन, तेव्हाच्या भावाने पावणेदोनशे रुपयांच्या आसपास. रक्कम मोठी नाही म्हणाल. पण मावशी आल्या त्या एका दिवशीच्या माझ्या वहीत सदतीस नोंदी होत्या. मी वही घेऊन साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "पावत्या फाडल्या, पैसे दिले, विषय संपला. पुढचं बघा." पुढे मावशींच्या गावचे कट्टे आले, त्या आल्या नाहीत. त्यांच्या भावकीतल्या एकाजवळ मी माझ्या खिशातून पैसे पाठवले. पोचले का, हे विचारायची हिंमत झाली नाही. बाकी छत्तीस जणांचं काय, तर काही नाही.

साहेब बदलले ते वेगळ्या कारणाने. पुढच्याच महिन्यात भर उन्हात खळ्यावर तापवून आणलेला माल आला. वरची साल कोरडी, गाभा ओला. आमच्याकडे साल्यावरून विजेचा अडथळा मोजणारं एक जुनं मीटर होतं, त्याने कमी आकडा दाखवला. गिरणीने तो बाराचा म्हणून घेतला आणि आठवड्याने गोदामात कट्टे गरम लागले. तेव्हा रोज सकाळी तीन नमुने ओव्हनवर आणि मीटरवर ताडून पाहायला मला परवानगी मिळाली. चुकलेलं यंत्र त्या दिवशी गिरणीला कापून गेलं होतं.

तर भाच्याला मी काय सांगितलं? कारखान्याच्या आत पापड, मसाला, बिस्किटं करत असशील तर हॅलोजनचं घे, आणि आपल्या मालाला किती अंश आणि किती ग्रॅम हे आधी ओव्हनशी ताडून ठरव. फाटकावर माल घ्यायचा असेल तर ते लाखाचं राहू दे. मीटर घे, पण ज्यात सोयाबीन आणि तूर यांचे तक्ते आहेत आणि दाण्याचं तापमान मोजून आकडा दुरुस्त करण्याची सोय आहे असं. गरम दाणा आकडा वर नेतो. मीटरच्या पेटीवर काय लिहिलंय ते वाचू नको, दुकानदाराला म्हण, मी माझे तीन नमुने आणतो, एक कोरडा, एक मधला, एक ओला. ज्याच्या मीटरचा फरक तिन्हींवर सारखा येतो त्याचं घे. सारखा फरक चालतो, तो वजा करता येतो. कधी वर कधी खाली जाणारं मीटर फुकट मिळालं तरी घेऊ नको. आणि उरलेल्या पैशांत एक लहान ओव्हन आणि एक चांगला तराजू. तराजू तपासायचं प्रमाणित वजनही, ते सगळेच विसरतात.

"ओव्हन कशाला मामू, ते कोण वापरतं?" तो म्हणाला.

"तू वापरणार. रोज सकाळी."

मग वापरायच्या गोष्टी. पोत्याच्या तोंडाशी दाणा उन्हाने वाळलेला असतो, तळाशी ओला. म्हणून परखी वर, मधे, खाली अशी मारायची आणि एका पोत्यावर विसंबायचं नाही. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत लगेच बंद करायचा. दवात भिजून आलेला माल लगेच मोजला तर आकडा फुगतो, त्याला थोडं थांबवायचं. मीटर पत्र्याच्या टेबलावर उन्हात ठेवायचं नाही. दाणे दाबून भरायचे नाहीत, दरवेळी सारख्या उंचीवरून सोडायचे, कारण घट्ट बसले की आकडा वाढतो. हे काही तोलाऱ्यांना पूर्वी चांगलंच ठाऊक होतं, आणि त्याचा उपयोगही. तीनदा मोजून सरासरी घ्यायची. आणि सगळ्यांत आधी बटण बघायचं.

घरी कुणाला उत्सुकता असेल तर एक जुनी युक्ती आहे. कोरड्या काचेच्या बरणीत थोडं धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ घालून चांगलं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात साधारण पंधरा टक्क्यांहून जास्त ओल आहे, कणगीत भरू नका. मीठ सुटं राहिलं तर बरंच आहे. याने भाव ठरवता येत नाही, पण कणगी वाचते.

मागच्या सुगीत भाच्याचा पुन्हा फोन आला. "मामू, मीटर ओव्हनपेक्षा ०.६ जास्त दाखवतंय. तिन्ही नमुन्यांवर तेवढंच." मी म्हटलं, "मग मीटर चांगलं निघालं. वहीत लिही आणि फाटकावरही लिही." त्याने फळ्यावर खडूने लिहिलं, आजचा फरक ०.६, वजा करून धरला जाईल. रांगेतल्या पहिल्या शेतकऱ्याने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "अन् उद्या फरक उलटा निघाला तर?"

"तर तोही लिहीन," भाचा म्हणाला.

शेतकरी थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग त्याने पहिल्या कट्ट्याची सुतळी सोडली.